दोन मिलिमीटरांची मोकळीक

"भोक म्हणजे काय नाय तां! जां नाय, तां तू काढतंस तरी कसां, झिला?"

उभादांड्याच्या मेस्त्रीकाकांनी मला हे विचारले त्याला बरीच वर्षे झाली. ते आमच्या वेंगुर्ल्याच्या घराची खिडकी दुरुस्त करायला आले होते. माझ्या टेबलावर संगणक चालू होता, पडद्यावर एक लोखंडी तुळई आडवी पसरलेली होती आणि मी तिच्या टोकाला बोल्टसाठी भोके पाडत होतो. काका आपल्या सामत्याची दोरी आवळत माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात हजारो भोके पाडली असतील, पण कागदावर एकही काढलेले नव्हते. लाकूड काढता येते, खुंटी काढता येते, पण भोक म्हणजे तर लाकूड नसलेली जागा. ती काय काढायची?

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. मी इंजिनिअर नाही. १९८९ साली मुंबईला जाऊन एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो, अमोनिया प्रिंटच्या वासात उमेदीची वर्षे काढली, पुढे संगणक शिकलो आणि आता गावी घरी बसून लोखंडी बांधकामांची तपशीलवार ड्रॉइंगे करतो. मानके, जुनी पाठ्यपुस्तके आणि अपघातांचे अहवाल वाचत जे समजले, तेवढेच माझे शिक्षण. संगणकात भोक कसे मांडावे हा विषय दिवाळी अंकासाठी फारच किरकोळ आहे असे मलाही वाटत होते. पण २०२४च्या ऑगस्टात मालवणच्या राजकोटावर जे घडले, त्यानंतर 'नटबोल्ट' हा शब्द आमच्या जिल्ह्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. तेव्हा वाटले, मेस्त्रीकाकांना द्यायचे राहिलेले उत्तर आता लिहून काढावे.

भोक बोल्टापेक्षा मोठे का?

पूर्वी लोखंडी भाग रिव्हेटांनी जोडत. रिव्हेट तापवून लाल करायचा, भोकात घालायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोकून त्याचे डोके बसवायचे. ठोकताना गरम धातू फुगतो आणि भोक बऱ्यापैकी भरून टाकतो. १९४३ साली खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल असा रिव्हेटांवर उभा आहे. पॅरिसच्या आयफेल टॉवरमध्ये सुमारे १८ हजार लोखंडी भाग आणि २५ लाख रिव्हेट आहेत. त्या काळी, १८८०च्या दशकात, आयफेलच्या कचेरीतले ड्राफ्ट्समन या भागांची मापे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत काढत असत. जमिनीवर कारखान्यात पाडलेली भोके शेकडो फूट उंचीवर एकमेकांसमोर यायला हवी होती. उंचीवर लोंबकळत कानस मारायला कुणाला सवड नव्हती.

बोल्टाचे तसे नाही. तो थंडच जातो आणि आपल्या भोकात सैल राहतो. सैल ठेवावाच लागतो. दोन पट्ट्यांवर चार-चार भोके पाडली आणि त्यांतले एक जरी अर्धा मिलिमीटर सरकले, तर नेमक्या मापाचा बोल्ट आत जाणार नाही. म्हणून भारतीय मानक ८०० (लोखंडी बांधकामाचे आपले मूळ मानक, पहिली आवृत्ती १९५६ची, सध्याची २००७ची) बोल्टाच्या जाडीप्रमाणे किती मोकळीक ठेवायची ते ठरवून देते. १६ ते २४ मिलिमीटर जाडीच्या बोल्टासाठी ती २ मिलिमीटर आहे. म्हणजे २० चा बोल्ट, २२ चे भोक. त्याहून बारीक बोल्टाला १ मिलिमीटर, जाड बोल्टाला ३.

काही ठिकाणी भोक मुद्दाम लांबट ठेवतात. लोखंड तापले की पसरते. साठ मीटर लांबीच्या शेडचे तापमान सकाळपासून दुपारपर्यंत वीस अंशांनी चढले, तर तिची लांबी सुमारे १४ मिलिमीटरने वाढते. बोल्ट गोल भोकात अडकून बसला तर ही वाढ जाणार कुठे? म्हणून एका टोकाला लांबट भोक ठेवायचे आणि बोल्टाला सरकायला वाट द्यायची. आमच्या घराच्या दाराची चौकट बसवताना मेस्त्रीकाका पावसाळ्यात लाकूड फुगणार म्हणून फट ठेवत, तसलाच हा प्रकार.

तेव्हा लोखंडातले भोक म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. तिला माप आहे, आकार आहे, दिशा आहे आणि ती तिथे असण्याला कारण आहे. खरी अडचण यापुढे सुरू होते. एकच भोक संगणकात तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी नांदते आणि दर ठिकाणी त्याचे रूप वेगळे असते.

जिथे भोक दिसतच नाही

इमारतीचा आराखडा प्रथम जातो तो हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. आपल्याकडे 'स्टॅड' हे त्यातले सर्वांच्या तोंडी असलेले नाव. इथे तुळई म्हणजे एक रेघ. खांब म्हणजे दुसरी रेघ. दोन रेघा मिळतात तो एक बिंदू. वारा, वजन, भूकंप यांचा जोर या रेघांवर टाकायचा आणि कोणत्या रेघेत किती ताण आला ते काढायचे. रेघेला जाडीच नसते, मग तिच्यात भोक कुठले असणार?

यात गैर काही नाही. दहा मीटरच्या तुळईत टोकाला चार भोके असली म्हणून ती किती वाकते यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुळई किंवा पट्टी ओढली जाते तेव्हा. ओढलेली पट्टी भोकापाशी अरुंद असते आणि तिथेच फाटण्याची शक्यता अधिक.

एक साधे उदाहरण घेऊ. १५० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड, रोजच्या वापरातल्या पोलादाची पट्टी. मानकाचे सुरक्षा-गुणक धरून हिशेब केला, तर ही अखंड पट्टी सुमारे ३४.८ टन ओढ घेते. ही मर्यादा पट्टी ताणून कायमची लांब होण्याची. आता २० च्या बोल्टासाठी मधोमध २२ मिलिमीटरचे एक भोक पाडा. उरलेली रुंदी १२८. भोकाच्या रेषेवर फाटण्याची मर्यादा निघते ३८.५ टन, म्हणजे अखंड पट्टीच्या मर्यादेपेक्षा जास्त. पट्टी फाटण्याआधी ताणली जाईल, आणि मर्यादा ३४.८ टनांचीच राहील. हे भोक फुकटात पडले!

पण एकाच ओळीत दोन भोके पाडली, की उरलेली रुंदी १०६ होते आणि फाटण्याची मर्यादा ३१.९ टनांवर येते. आता भोकाने खरोखरच किंमत वसूल केली. आणखी एक गंमत आहे. दोन भोकांमधले आडवे अंतर ७० मिलिमीटर ठेवून त्यांतले एक पट्टीच्या लांबीच्या दिशेने ५० मिलिमीटर पुढे सरकवा. फाट आता सरळ जाऊ शकत नाही, तिला तिरके जावे लागते. तिरक्या वाटेसाठी सरकवलेल्या अंतराचा वर्ग करायचा, त्याला आडव्या अंतराच्या चौपटीने भागायचे आणि जे येईल ते रुंदीत मिळवायचे, असा नियम आहे. १९२२ साली कॉक्रेन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने रिव्हेटांच्या भोकांसाठी तो मांडला आणि तो आजही आपल्या मानकात आहे. आपल्या पट्टीत या नियमाने सुमारे ९ मिलिमीटर परत मिळतात आणि मर्यादा ३४.६ टनांवर येते. भोके तीच, तेवढीच. नुसती जागा बदलली आणि जवळजवळ सगळे नुकसान भरून निघाले.

हे सारे रेघेच्या चित्रात दिसत नाही, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक आकडा भरण्याची सोय असते: निव्वळ क्षेत्रफळ भागिले एकूण क्षेत्रफळ. आपल्या दोन भोकांच्या पट्टीत तो येतो ०.७१. तुम्ही तो भरला नाही, तर स्टॅड तो १ धरते. १ म्हणजे 'भोक नाही'. सॉफ्टवेअरची यात चूक नाही. जोड कसा करणार हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. पण रकाना रिकामा दिसत नाही, त्यात आधीच १ लिहिलेला असतो, आणि लिहिलेल्या आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो.

एकदा माझ्याकडे एका शेडची कागदपत्रे ड्रॉइंगसाठी आली. कर्णातल्या पट्ट्यांचा हिशेब अगदी काठोकाठ बसवलेला होता. वापर शेकडा ९७. मी जोड काढायला घेतला तर एका ओळीत दोन बोल्ट येत होते. हिशेबाच्या छापील पानांवर तो आकडा सर्वत्र १ होता. कळवले. उत्तर आले की हिशेब तपासून झालेला आहे, ड्रॉइंग पाठवा. मी भोके पुढेमागे सरकवून जोड काढला आणि पुन्हा पत्र लिहिले. त्यानंतर पट्टीची रुंदी वाढली. कुणी कुणाला काही म्हणाले नाही. मी मात्र तेव्हापासून छापील हिशेबात आधी तो आकडा शोधतो.

जिथे भोक फारच दिसते

मग संगणकात भोक जसेच्या तसे का मांडू नये? मांडता येते. पट्टीचे हजारो बारीक चौकोन करायचे, भोकाभोवती ते आणखी बारीक करायचे आणि दर चौकोनातला ताण काढायचा. पडद्यावर भोकाच्या दोन्ही कडा लालभडक होतात. नवशिक्याला घाम फुटतो.

ही लाली खोटी नसते. १८९८ साली किर्श या जर्मन इंजिनिअरने कागदावर सिद्ध केले होते की रुंद पट्टीतल्या गोल भोकाच्या काठावर ताण सरासरीच्या तिप्पट होतो. भोक लहान असो की मोठे, तिप्पटच. नदीच्या पात्रात खांब रोवला की त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी जोरात वाहते, काहीसे तसे. १९१३ साली इंग्लिस यांनी पुढची गोष्ट दाखवली: भोक गोल न राहता त्याचे टोक अणकुचीदार झाले, तर ताण तिपटीवर थांबत नाही, टोक जितके तीक्ष्ण तितका तो चढतो.

मग तिप्पट ताण धरून पट्टी तिप्पट जाड करायची का? नाही. बांधकामाचे साधे पोलाद काचेसारखे नसते. तुटण्याआधी ते आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ताणले जाऊ शकते. भोकाच्या काठचा कण थकला की तो जरा लांबतो आणि आपला भार शेजाऱ्याकडे सरकवतो. शेवटी सगळी उरलेली रुंदी मिळून भार उचलते. म्हणून मानक सरासरीवर हिशेब करते आणि तो बरोबर असतो. अधिक हुबेहूब चित्र काढले म्हणून उत्तर अधिक खरे येते असे नाही, हे मला या भोकांनी शिकवले.

यालाही एक अपवाद आहे. भार पुन्हापुन्हा चढत-उतरत असेल, तर तोच थकलेला कण शेजाऱ्याकडे भार सरकवता सरकवता एक दिवस चिरतो. १९५४ साली कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानाच्या अपघातांचा तपास झाला, तेव्हा धातू थकून गेलेली चीर कवचातल्या अशाच बारीक भोकांच्या काठावरून निघाल्याचे दिसले. शेडच्या छपराला ही चिंता कमी, रेल्वेच्या पुलाला आणि क्रेनच्या तुळईला फार. तेव्हा भोक किती बारकाईने मांडायचे, हे त्याच्यावर येणारा भार कसा आहे त्यावर ठरते.

जिथे भोक यंत्राला हुकूम देते

माझे काम असते तिसऱ्या ठिकाणी. हिशेब झाल्यावर प्रत्येक तुकडा खऱ्या मापाने उभा करावा लागतो. त्यासाठीची सॉफ्टवेअर वेगळी. टेकला हे त्यांतले मोठे नाव. ही १९६६ साली सुरू झालेली फिनलंडची कंपनी, पुढे अमेरिकेच्या ट्रिंबलने ती घेतली. चिनाब नदीवरचा रेल्वेपूल, ज्याची कमान पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे आणि जो ६ जून २०२५ रोजी खुला झाला, त्याचे तपशीलही टेकलामध्ये मांडले गेले होते. तो पूल उभारण्याची जबाबदारी बेलापूरच्या कोकण रेल्वे महामंडळाकडे होती, हे कोकणातल्या माणसाने अभिमानाने सांगावे.

टेकलामध्ये आपण सहसा भोक पाडत नाही. आपण बोल्ट ठेवतो, आणि बोल्ट ज्या पत्र्यांतून जातो त्यांत भोके आपोआप पडतात. बोल्ट २० चा, मोकळीक २ ची, की भोक २२ चे. बोल्ट सरकवला की भोके त्याच्या मागोमाग जातात. मेस्त्रीकाकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे: जे नाही ते काढता येत नाही, म्हणून जे आत जाणार आहे ते काढायचे.

पण बोल्टाने किती खोलवर पत्रे शोधायचे, तेही एका आकड्यात सांगावे लागते. तो आकडा लहान पडला तर शेवटचा पत्रा भोकाविना राहतो. जास्त झाला तर चौकोनी नळीच्या पलीकडच्या भिंतीलाही नको असलेले भोक पडते. पडद्यावर बोल्टाचे डोके त्या भोकावर बसलेले असते, त्यामुळे दोन्ही चुका वरून पाहून कळत नाहीत. मी दर जोडाला बोल्ट लपवून नुसते पत्रे फिरवून बघतो. डोळ्यांना कंटाळा येतो, पण दुसरा उपाय नाही.

हे भोक मग कारखान्यात जाते. जर्मनीतल्या पोलाद-बांधकाम संघटनेच्या आद्याक्षरांवरून 'डीएसटीव्ही' नाव पडलेली एक साधी मजकुराची फाइल असते. तुकड्याची लांबी, काप, आणि मग 'बीओ' या शीर्षकाखाली भोकांची यादी: कोणत्या अंगावर, टोकापासून किती, कडेपासून किती, व्यास किती. ड्रिलचे यंत्र ही यादी वाचून भोक पाडते. मधे माणूस नाही, गुनिया नाही, सेंटर पंच नाही. पूर्वी माझ्या कागदावरची चूक मार्किंग करणाऱ्या फिटरच्या नजरेत भरायची. तो फोन करून शिवी हासडायचा आणि चूक सुधारली जायची. यंत्र शिवी देत नाही. ते चुकीच्या जागी अगदी अचूक भोक पाडते.

जे भोक कुठल्याच चित्रात नसते

चौथे भोक पडते ते साइटवर. पाया दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालेला असतो, खांब जरा कललेला असतो, आणि क्रेन तासाच्या भाड्याने उभी असते. तुळई वर नेली तर भोके जुळत नाहीत. नियम असा की खालचे भाग पुन्हा ओळंब्यात आणावेत, किंचित फरक असेल तर रीमरने भोक साफ करावे, नाहीतर तुकडा खाली उतरवून पुन्हा विचारावे. प्रत्यक्षात कुणीतरी गॅस कटर मागवतो. दोन मिनिटांत भोक लांबते, बोल्ट जातो, वर मोठा वायसर बसतो आणि झाले.

आता वर सांगितलेले सारे हिशेब आठवा. पट्टीची उरलेली रुंदी घटली. कडेपासूनचे अंतर घटले. मानकाप्रमाणे कापून गुळगुळीत केलेल्या कडेपासून ते भोकाच्या किमान दीडपट हवे, हाताने कापलेल्या कडेपासून १.७ पट. कटरने खाल्लेला काठ खाचाखाचांचा झाला, म्हणजे इंग्लिस यांचे अणकुचीदार टोक. आणि यातले काहीही हिशेबाच्या रेघेत नाही, टेकलाच्या चित्रात नाही, यंत्राच्या यादीत नाही. कागदावर २२ मिलिमीटरचे गोल भोक आहे. छपराखाली दुसरेच काही आहे.

भोक बदलताना हिशेब न बदलल्याची सर्वांत भयंकर गोष्ट अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात घडली. दिवाणखान्यावर दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवर दोन पूल लटकवले होते, एकाखाली एक. मूळ कल्पनेत छताला टांगलेली एकच लांब सळई वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाऊन खालच्या पुलापर्यंत पोचत होती. प्रत्येक पुलाखाली एकेक नट. पण एवढी लांब सळई आट्यांसकट बनवणे आणि बसवणे अडचणीचे, म्हणून कारखान्याच्या ड्रॉइंगात ती दोन तुकड्यांत केली: एक छतापासून वरच्या तुळईपर्यंत, दुसरी त्याच तुळईपासून खाली. तुळईत एका भोकाऐवजी शेजारी शेजारी दोन भोके आली. एवढाच बदल.

दोघे जण एकाच दोराला धरून लोंबकळत आहेत असे समजा. दोरावर दोघांचा भार, पण प्रत्येकाच्या मुठीवर आपापलाच. आता खालच्याने दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोर तोच, माणसे तीच, वरच्याच्या मुठीवर मात्र दोघांचा भार. वरच्या तुळईखालच्या नटाचे नेमके हेच झाले. मूळचा जोडही मानकापेक्षा दुबळा होता, बदललेला तर फारच. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी हॉटेलात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना नट तुळईच्या भोकातून ओढला गेला आणि दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसे गेली. बदललेल्या ड्रॉइंगवर मान्यतेचा शिक्का होता. त्या जोडाचा हिशेब करणे आपले काम आहे असे ना कारखान्याला वाटले ना सल्लागाराला. पुढे इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले.

मी हा अहवाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते ड्रॉइंग माझ्यासारख्याच एखाद्याने काढले असणार. एका भोकाची दोन भोके. त्याला ती सुटसुटीत वाटली असतील.

मोकळ्या जागेत काय शिरते

आता मालवणला येऊ. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, राजकोटावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. पुतळ्याचे नटबोल्ट पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याने गंजत आहेत असे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने २० ऑगस्टला नौदलाच्या अधिकाऱ्यांना लिहिले होते, हे नंतर आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचले. २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. दोष कुणाचा हे ठरवायला चौकशी आणि न्यायालय आहे. तो माझा अधिकार नाही. मला त्या पत्रातली एकच गोष्ट इथे मांडायची आहे. ज्या दिवशी ते लिहिले गेले, त्या दिवशीही ज्या कुठल्या संगणकात त्या सांगाड्याचे चित्र असेल, त्यातले बोल्ट नवेकोरेच होते.

कारण संगणकातल्या भोकात हवा नसते. आपल्या २२ च्या भोकात २० चा बोल्ट बसला की भोवती जी फट उरते, तिला प्रत्यक्षात खारा वारा लागतो. रंगाचा ब्रश तिथे पोचत नाही. पाणी एकदा शिरले की सुकायला आठवडे लागतात, आणि आमच्या किनाऱ्यावर मिठामुळे ते हवेतला दमट पुन्हा ओढून घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो फटीत फुगतो आणि घट्ट दाबलेले पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो. शेजारी तांब्याचा मिश्रधातू असेल तर खाऱ्या ओलाव्यात लोखंड आणखी लवकर झिजते. २० मिलिमीटरच्या दांड्याचा सगळीकडून एकेक मिलिमीटरचा थर गेला, तर त्याचे क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते. बाहेरून नट तसाच दिसतो, तांबूस ओघळ तेवढे वाढतात.

राजकोटासमोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली त्याचे काम सुरू झाले तेव्हा पायाच्या दगडांत शिसे ओतले होते असे सांगतात. बांधणाऱ्यांना ठाऊक होते की दोन दगडांमधली फट आपण भरली नाही, तर समुद्र भरतो.

उपाय अवघड नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा किनाऱ्याला चालणाऱ्या स्टेनलेसचे बोल्ट, फटीत भरायचे सीलंट, पाणी न साचणारे जोड, हे सारे ठरलेले आहे. कमी पडते ती नोंद. माझे म्हणणे एवढेच की काम संपले म्हणून चित्र मिटू नये. साइटवर ज्या भोकाला कटर लागला, ते चित्रात तसेच लांबट, वाकडे काढले जावे आणि हिशेब करणाऱ्याकडे परत जावे. प्रत्येक जोडाला क्रमांक असावा, आणि तो शेवटचा कुणी, कधी उघडून पाहिला हे त्याच चित्रात लिहिले जावे. टेकलासारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तुकड्याला वाटेल तेवढी माहिती चिकटवता येते. आज तिथे बहुधा वजन आणि पाठवणीची तारीख असते. कोकणात दर मे महिन्यात आपण घराची शाकारणी करतो. पावसाच्या आधी कौल न् कौल हातात घेऊन पाहतो, फुटलेले बदलतो. लोखंडी सांगाड्याला आपण हा महिना दिलेला नाही.

मेस्त्रीकाकांनी त्या दिवशी आमची खिडकी बसवली. जुन्या बिजागऱ्या काढल्यावर चौकटीत स्क्रूंची आठ जुनी भोके उरली होती. नव्या बिजागऱ्या दुसरीकडे बसणार होत्या, तेव्हा जुन्यांकडे बघायची गरज नव्हती. काकांनी बांबूच्या आठ बारीक खुंट्या तासल्या, एकेका भोकात ठोकल्या, वरून सपाट केल्या आणि मगच रंगाला हात लावू दिला. "हंयसूनच पाणी शिरतां," एवढेच म्हणाले.

काका आता नाहीत. खिडकी आहे. गेल्या मे महिन्यात रंग खरवडला तेव्हा त्या आठ खुंट्या दिसल्या, मी मोजल्या, आणि पुन्हा रंग दिला.